लेकीची गोळी

१

मास्तरांना गोळी लागली ती त्यांच्याच लेकीच्या बंदुकीतून, भर दुपारी, क्लबातल्या सगळ्या माणसांच्या देखत. त्यामुळे तपासण्यासारखं काही उरलेलं नाही असं सर्वांचं मत होतं. फौजदारबाईंचंही तेच मत होतं. शिवाय त्यांची दाढ ठणकत होती, आणि कागद पुरे करून लवकर मोकळं व्हावं एवढीच त्यांची इच्छा होती.

जुन्या दगडखाणीत ठासणीच्या बंदुकांचा एक क्लब होता. ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी सारायची, गजाने खाली बसवायची आणि मग कुठे नेम धरायचा. एक बार काढेपर्यंत दुसऱ्या माणसाचा चहा पिऊन होतो. पण नाद तो नाद. यंदा परदेशातल्या मोठ्या सामन्याला इथून एकाच नेमबाजाला जायचं होतं आणि शेवटच्या फेरीत दोघं उरले होते. एक घड्याळजी, बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे, शिडशिडीत आणि तिरकस बोलणारे. दुसरी मास्तरांची लेक. तिला लहानथोर सगळे ताईच म्हणत.

मास्तर म्हणजे क्लबाचा कणा. जन्मभर बंदुका दुरुस्त केल्या, अर्ध्या क्लबाला नेम धरायला शिकवलं. त्या दिवशी ते निशाणांच्या पायथ्याशी खंदकात बसले होते. खंदकातल्या माणसाचं काम साधं असतं. निशाण दोरीने खाली ओढायचं, भोक कुठे पडलं ते काठीने दाखवायचं, सराव असेल तर भोकावर कागदाचं ठिगळ चिकटवायचं आणि निशाण परत वर चढवायचं. पुढे दगडी कठडा असतो, त्यामुळे आत बसलेल्याला धोका नाही. आजवर कधी कुणाला खरचटलंही नव्हतं.

ताईच्या पहिल्या चार गोळ्या निशाणावर लागल्या, पण कशाही विखुरलेल्या. पाचवी निशाणापर्यंत गेलीच नाही. कठड्याच्या कडेवर आदळली, फुटली, आणि तिचे तुकडे खंदकात उतरून मास्तरांच्या उजव्या दंडात घुसले.

"वारा फार होता," क्लबाचे सेक्रेटरी म्हणाले. "पोरीचा हात हलला," बाकीचे म्हणाले.

फौजदारबाईंनी सगळं लिहून घेतलं आणि फक्त शिरस्ता म्हणून त्या दवाखान्यात सर्जनकडे गेल्या. सर्जनने स्टीलच्या वाडग्यात काढून ठेवलेले तुकडे त्यांच्यापुढे हलवले. ते खणखणले.

बाईंनी त्यातला एक उचलला. कपाचा टवका उडावा तशी त्याची कड होती, धारदार. त्यांनी त्यावर नख दाबून पाहिलं. नख वाकलं, तुकड्यावर ओरखडा उठला नाही.

"शिसं असं फुटतं?" त्यांनी विचारलं.

"मला हाडं कळतात," सर्जन म्हणाला. "पण आजवर माणसांच्या अंगातून काढलेलं शिसं चेपलेलं असायचं. फुटलेलं हे पहिल्यांदाच पाहतोय."

२

मास्तर उशीला टेकून बसले होते. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत बांधलेला. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, आणि तरीही फौजदारबाई अगदी खाटेजवळ येईपर्यंत त्यांना ओळख पटली नाही.

"बसा, बाई. उगाच हेलपाटा पडला तुम्हाला. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, लिहून घ्या."

"तक्रार कुणाविरुद्ध करणार? लेकच ती."

"तेच म्हणतो. घाईत तिच्याकडून चकती राहिली असेल. तेवढ्याने गोळी भरकटते. माझ्याकडूनही तरुणपणी झालंय. पोरगी आहे, चुकली. केस बंद करून टाका म्हणजे तिच्याही जीवाला बरं वाटेल."

बाईंना बसवेना. दाढेची कळ कानापर्यंत चढत होती. त्या खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. "कसली चकती?"

"नमद्याची, दाबलेल्या लोकरीची. दारू आणि गोळी यांच्या मधे ठेवायची."

बाहेर पॅसेजमधल्या बाकावर ताई बसली होती. तिशीची, रुंद मनगटांची बाई. पण बसली होती अशी की वाऱ्याने उडून जाईल. मांडीवर वडिलांचे धुवायचे कपडे होते आणि त्यांची घडी ती पुन्हापुन्हा मोडत होती, पुन्हा घालत होती.

"तू चकती विसरलीस?" बाईंनी विचारलं.

"मी कधी विसरत नाही, मॅडम." ती थांबली. "पण बाबा म्हणतायत म्हणजे विसरले असेन."

"मला एकदा नीट समजावून सांग. अडाण्याला सांगतात तसं."

सांगायला लागल्यावर मात्र तिचे हात स्थिर झाले. गोल गोळी सोपी, ती म्हणाली, पण लांबवर टिकत नाही. टोकदार गोळी लांब जाते, पण तिला फिरकी लागते, भोवऱ्यासारखी. नळीत आतून आटे कापलेले असतात, त्यांच्यात गोळी घट्ट बसली तर फिरकी मिळते. आता वरून भरायची तर गोळी सैल हवी, आणि उडताना घट्ट हवी. म्हणून ती शुद्ध, मऊ शिशाची ओतायची. दारूचा भडका बुडाला बसला की मऊ गोळी जागच्या जागी फुगते आणि आट्यांत रुतते. चकती तो भडका अडवून धरते, गोळीच्या बाजूने निसटू देत नाही. गोळीवर मेण आणि चरबी चोपडायची. प्रत्येक बारानंतर नळी पुसायची. गजाचा दाब दर वेळी सारखाच.

"दोन वर्षं हेच केलं. दर रविवारी एकच गोष्ट बदलून बघायची. कधी मेण, कधी दारूचं माप. गोळ्या मी स्वतः ओतते, एकेक तोलून घेते. त्या दिवशी सकाळी सरावाला थैलीतल्या जुन्या उरलेल्या गोळ्या उडवल्या. सगळ्या तळहाताएवढ्या जागेत."

"आणि सामन्यात?"

"सामन्यासाठी नवी पेटी भरून ठेवली होती." तिने कपड्याची घडी मोडली. "एक सांगू? त्या पेटीतल्या गोळ्या नळीत जाताना कुरकुरत होत्या. मला वाटलं, नळी नीट पुसली गेली नाही. म्हणून दर वेळी दोनदा पुसली. तरी तेच."

"हे कुणाला बोललीस?"

"कुणाला बोलू? माझ्या हातून बाबांचा हात गेला, मॅडम. सर्जन म्हणाले, बोटं पूर्वीसारखी हलणार नाहीत. मी बंदूक विकायला काढलीय. परदेशी जायचा विचारही सोडला. सामन्यानंतर तिथल्या एका बंदुकांच्या कारखान्यात मला काम मिळालं होतं. आता कसलं काय. बाबांना कोण बघणार?"

बाई उठल्या. ती पेटी बघायला हवी होती.

३

खाणीत वारा नुसता घोंघावत होता. फौजदारबाईंनी पदर खोचला आणि त्या नेमबाजांच्या ओट्यापुढच्या गवतात उतरल्या. वाकून, गवत विस्कटत त्या पुढे सरकत राहिल्या. घड्याळजी ओट्यावर हाताची घडी घालून उभे होते.

"बाई, तुमचं काही हरवलंय का?"

"चकत्या कुठे पडतात, घड्याळजी?"

"ओट्यापासून थोड्या पुढे. माझ्या काळ्या, ताईच्या पांढऱ्या. सामन्याआधी गवत झाडून घेतलं होतं, तेव्हा मिळतील त्या सामन्यातल्याच. सकाळचा सराव पलीकडच्या ओट्यावर होता."

पांढऱ्या चकत्या पाच मिळाल्या. जळून करपलेल्या, पण पुऱ्या पाच. पाच बार, पाच चकत्या. म्हणजे ताई काही विसरली नव्हती.

बाईंनी रुमालातून गोळीचा तुकडा काढून घड्याळजींपुढे धरला. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि तुकडा उजेडात फिरवून पाहिला. 

"हे शिसं नव्हे," शेवटी ते म्हणाले. "म्हणजे शिसंच, पण कशाची तरी भेसळ आहे. फार कडक. ही गोळी फुगायचीच नाही. अर्धीमुर्धी फिरकी घेऊन निघणार आणि हवेत कोलांट्या खाणार. असल्या गोळीने देवालासुद्धा नेम साधायचा नाही."

"म्हणजे कुणीतरी तिच्या गोळ्या बदलल्या."

"तुम्ही म्हणता, मी नाही."

"ती हरली असती तर तुम्ही गेला असतात."

"आताही मीच जातोय," घड्याळजी कोरडेपणाने म्हणाले. "कालच सेक्रेटरींनी कळवलं. त्यामुळे तुमच्या नजरेत मी काय आहे ते मला समजतंय. चालू द्या."

"पेटी कुठे आहे तिची?"

आता पहिल्यांदाच ते चाचरले. "ती मी उचलली होती."

सेक्रेटरी मागून येत होते, ते जागीच थबकले.

"मास्तरांना गाडीत घालत होते," घड्याळजी सांगू लागले, "तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, पोरीची गोळ्यांची पेटी आण, माझ्याजवळ दे, तिच्या डोळ्यांसमोर नको. मी आणून त्यांच्या पायाशी ठेवली. पुढचं मला माहीत नाही."

"हे ऐकलं कुणी?"

"कोण ऐकणार? जो तो धावत होता."

"मी ऐकलं नाही," सेक्रेटरी हळूच म्हणाले. "मी तर गाडीला टेकून उभा होतो."

४

सेक्रेटरींचा छापखाना होता. एका बाजूला नवी यंत्रं, दुसऱ्या बाजूला भिंतभर लाकडी खणांची कपाटं, आणि सगळे खण रिकामे. फौजदारबाई त्या कपाटांपुढून येरझारा घालत होत्या. दाढेखाली लवंग धरली होती, तिचा आता काही उपयोग होत नव्हता.

"यांत काय असायचं?"

"खिळे. छपाईचे. आमच्या वडिलांच्या वेळचे, एकेक अक्षर हाताने जुळवायचं. आता कुणाला हवेत? गेल्या महिन्यात सगळे मोडीत काढले."

"कशाचे असतात ते?"

"शिशाचे." सेक्रेटरी बोलता बोलता थांबले. त्यांचा चेहरा उतरला. "शिशात कथील आणि अँटिमनी घालतात. दाबाखाली अक्षर चेपू नये म्हणून. कडक होतात."

"म्हणजे हत्यार तुमच्या घरातलं."

"बाई, मी कशाला करू? ताई जिंकली असती तर क्लबाचं नाव झालं असतं."

"तुम्ही केलंत असं मी म्हटलं नाही. मोडीत जायच्या आधी कुणी थोडे नेले का?"

सेक्रेटरींनी कपाळ चोळलं. "घड्याळजींनी मूठभर नेले. मनोऱ्यावरच्या घड्याळाच्या लंबकाला वजन कमी पडत होतं. आणि मास्तरांनी डबाभर नेले. वाऱ्याने घरातले पडदे उडतात, खालच्या शिवणीत घालायला वजनं ओततो म्हणाले."

घड्याळजींचं दुकान जवळच होतं. बाईंनी विचारताच त्यांनी टोपी घातली आणि त्यांना मनोऱ्यावर नेलं. अरुंद जिना, वर कबुतरांची घाण, आणि लंबकाच्या बुडाशी तारेने आवळून बांधलेली कापडी पिशवी. घड्याळजींनी ती सोडून बाईंच्या ओंजळीत रिकामी केली. खिळे जसेच्या तसे होते, एकावरचंही अक्षर वितळलेलं नव्हतं.

"कमी नाहीत ना, बघून घ्या," ते म्हणाले. "आता हे घड्याळ मागे पडेल ते तुमच्यामुळे."

बाई हसल्या, आणि दाढेतून कळ गेली म्हणून लगेच थांबल्या. पिशवी परत बांधून होईपर्यंत घड्याळजी पाठमोरेच होते. तसेच म्हणाले, "बाई, माझी आणि ताईची चुरस आहे, वैर नाही. तिने मला दोनदा हरवलंय. तिसऱ्यांदा मला तिला हरवायचं होतं, लंगडी करून नव्हे. हे लिहून घ्यायचं तर घ्या."

बाईंनी लिहून घेतलं नाही. जिना उतरताना मात्र त्यांचा पाय घुटमळला. घड्याळजींना वगळलं तर उरलेला डबा कुणाच्या घरी आहे ते त्यांना माहीत होतं, आणि ते नाव मनात येताच त्यांनी ते झटकून टाकलं. माणूस स्वतःवरच गोळी कशाला झाडून घेईल?

५

वडिलांचे कपडे आणायला ताई घरी निघाली होती. फौजदारबाई तिच्याबरोबर गेल्या.

घर स्वच्छ होतं, दोन माणसांचं. मास्तरांच्या खुर्चीशेजारी मोठ्या काचेचं भिंग पडलं होतं. औषधाच्या बाटल्यांवर ताईने ठळक काळ्या शाईने मोठाली अक्षरं काढली होती. पाण्याच्या माठाशी जमिनीवर पांढरा पट्टा रंगवलेला होता, पाय कुठे ठेवायचा ते दिसावं म्हणून.

"नजर किती अधू आहे त्यांची?"

"मला सांगत नाहीत. मी विचारलं तर चिडतात."

"आणि तू परदेशी जाणार म्हटल्यावर काय म्हणाले?"

"जा म्हणाले. माझी काळजी करू नकोस म्हणाले. वर सगळ्यांना सांगत सुटले, माझी लेक चालली." ताईने कपाट उघडलं. "त्या दिवशी खंदकातसुद्धा हट्टाने बसले. हे काम नेहमी क्लबाचा माळी करतो. पण बाबा म्हणाले, माझ्या लेकीचं निशाण मीच लावणार."

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. खिडकीचा पडदा फुगला, वर उडाला आणि थेट फौजदारबाईंच्या तोंडावर येऊन बसला. त्यांनी तो हातात धरला. खालची शिवण चाचपून पाहिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग दुसऱ्या खिडकीचा पडदा. मग स्वयंपाकघरातला. कापड नुसतं हलकं, आत काही नव्हतं.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही. वारा फार आहे."

तिथून त्या जवळजवळ धावतच खाणीत गेल्या. सामन्याची निशाणं सेक्रेटरींच्या खोलीत गुंडाळून ठेवली होती. बाईंनी दोन्ही जमिनीवर पसरली. घड्याळजींच्या निशाणावर एकही ठिगळ नव्हतं, पाचही भोकं उघडी, पैशासारखी गोल. ताईच्या निशाणावर चार ठिगळं होती, चांगली तळव्याएवढी, चारी कडा दाबून दाबून चिकटवलेली.

"हिच्याच निशाणावर का?" त्यांनी सेक्रेटरींना विचारलं.

"सामन्यात भोकं मोजायला उघडीच ठेवतात, पण मास्तर प्रत्येक बारानंतर ठिगळ लावत होते. नजर कमी म्हणून आम्हीही कुणी बोललो नाही. जुनं भोक आणि नवं भोक त्यांना ओळखू येत नसेल, असं वाटलं."

बाईंनी रुमाल भिजवला, ठिगळांवर ठेवला, आणि खळ सुटेपर्यंत खोलीभर फिरत राहिल्या. मग एकेक ठिगळ हलक्या हाताने सोलून काढलं.

खालची भोकं गोल नव्हती. लांबट होती, कुलपाच्या भोकासारखी. गोळी टोकाने नव्हे, आडवी होऊन कागदातून गेली होती. एकदा नव्हे, चारही वेळा. ओट्यावरून हे दिसणं शक्यच नव्हतं. दिसलं असतं ते फक्त खंदकातल्या माणसाला, आणि त्याने ते प्रत्येक वेळी झाकलं होतं.

६

फौजदारबाईंनी दवाखान्यात मास्तरांच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि खाटेशेजारचं कपाट उघडलं. टॉवेलखाली लाकडी पेटी होती. उघडल्यावर मेण-चरबीचा वास आला. त्यांनी एक गोळी पुसली आणि फरशीवर टाकली. ती टणकन वाजली, उडाली आणि खाटेखाली घरंगळत गेली.

मास्तरांनी डोळे मिटले.

"मास्तर, पडद्यांना वजनं नाहीत," बाई म्हणाल्या.

"ओतायची राहिली."

"खिळे कुठे गेले?"

मास्तरांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"मग मीच सांगते. साचा घरातच होता. सामन्याच्या आदल्या दिवशी ताई बाहेर गेल्यावर तुम्ही खिळे वितळवून तिच्या साच्यात गोळ्या ओतल्या. वरून मेण चोपडलं की दिसायला सारख्याच. तिने तोलून ठेवलेल्या गोळ्या काढल्या आणि या पेटीत भरल्या. गोळ्या आडव्या जाणार आणि भोकं लांबट पडणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. घड्याळजींनी नुसतं पाहिलं असतं तरी ओळखलं असतं. म्हणून खंदकात तुम्ही बसलात आणि प्रत्येक भोक झाकलंत. पाचवी गोळी कठड्यावर आदळली. मऊ शिसं असतं तर तिथेच चपटं होऊन बसलं असतं. हे फुटलं."

"करायला गेलो एक," मास्तर पुटपुटले. मग डोळे न उघडताच बोलू लागले, जणू कुणी विचारलंच नव्हतं. "मला वाटलं होतं, नेम वीतभर इकडेतिकडे होईल. हरेल, दोन दिवस रडेल, मग विसरेल. सामना हुकला की ते कामही हुकणार होतं. बाई, सकाळी उठल्यावर मला खिडकी कुठे आहे ते उजेडावरून कळतं, बाकी काही दिसत नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. ती गेल्यावर मी त्या घरात एकटा काय करणार? पण जाऊ नकोस हे शब्द माझ्या तोंडातून निघेनात. मीच तिला शिकवलं, मीच सगळ्यांना सांगत फिरलो. कुठल्या तोंडाने थांब म्हणू?"

"थांब म्हणाला असतात तर ती कदाचित थांबली असती. कदाचित नसती. ते तिने ठरवलं असतं."

"म्हणूनच म्हणालो नाही."

बाईंनी पेटी टेबलावर ठेवली. राग आला होता, पण तो वर आणायचा नाही असं त्यांनी येतानाच ठरवलं होतं. तरी आवाज थोडा चढलाच.

"गोळ्या बदलल्या ते एक वेळ मी समजू शकते, मास्तर. माणूस घाबरतो. पण त्यानंतर तुम्ही शुद्धीवर होतात. लेक बाहेर बाकावर बसून होती, आपल्या हातून बापाचा हात गेला म्हणून. आणि तुम्ही तिला सांगितलंत, तू चकती विसरलीस. पाचही चकत्या गवतात मिळाल्या मला. तिला मात्र आता आठवतच नाही, ठेवल्या की नाही. तुम्ही म्हणालात ना."

मास्तरांचा डावा हात चादरीवर उगाच फिरत होता. "केस बंद झाली की हळूहळू विसरेल असं वाटलं."

"ती बंदूक विकतेय. जन्मभर तुमच्या उशाशी बसेल, तुम्हाला हवं होतं तसंच. पण जी बसेल ती तुमची लेक नसेल. तिच्याकडे एकदा नीट बघा. दिसत नसेल तर आवाज ऐका तिचा."

"तुम्ही सांगा तिला," मास्तर म्हणाले. "माझ्याने नाही होणार."

"माझ्या कागदावर तर येईलच. पण तिला ते कागदावरून कळायला नको. मी बाहेर थांबते."

त्यांनी दार उघडलं आणि ताईला आत जायला सांगितलं. मास्तरांनी आवाजाच्या दिशेला मान वळवली, आणि बाईंना दार लोटता लोटता एवढंच ऐकू आलं, "बाळ, ती चकती होती. तू विसरली नव्हतीस."

पॅसेजमध्ये फौजदारबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिल्या. आतून आरडाओरडा नाही, रडणं नाही. तेच त्यांना सहन होईना. शेवटी दार उघडलं. ताईचा चेहरा पांढराफटक होता. ती बाकावर बसली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांना ताप चढलाय थोडा. नर्सला सांगा. मला आत्ता परत आत जाता येणार नाही."

७

कागदावर जे होतं तेच फौजदारबाईंनी लिहिलं: गोळ्यांत भेसळ, करणारा स्वतःच जखमी, लेकीकडून कसलीही हयगय नाही. साहेबांनी वाचून कपाळाला आठ्या घातल्या, पण सही केली. मास्तरांना क्लबाच्या सगळ्या कामांतून कमी करण्यात आलं. त्यांनी तो निरोप ऐकून घेतला आणि मान हलवली, एवढंच.

सामना पुन्हा घ्या, नाहीतर मी जात नाही, असं घड्याळजींनी सेक्रेटरींना बजावलं. आयती मिळालेली जागा आपल्याला पचणार नाही, म्हणाले. ताई आधी तयार नव्हती. पहिल्या रविवारी तिने बंदूक खांद्याला लावली आणि उतरवून ठेवली. दुसऱ्या रविवारी एकच बार काढला आणि बंदूक पुसून घरी गेली. नव्याने शिसं आणलं, नव्याने गोळ्या ओतल्या, आणि एकेक गोष्ट बदलत पुन्हा सुरुवात केली. सामन्यात तिने घड्याळजींना हरवलं, पण फार थोड्याने. घड्याळजी म्हणाले की वारा माझ्या बाजूला नव्हता, आणि तिची बंदूक त्यांनी स्वतः उचलून गाडीत ठेवली.

जायच्या दिवशी ताई ठाण्यात आली, पुरावा म्हणून ठेवून घेतलेली तिची पेटी परत न्यायला. फौजदारबाईंची दाढ एव्हाना उपटून झाली होती, तरी जीभ सारखी त्या रिकाम्या जागेकडे जात होती.

"वडिलांचं काय?" त्यांनी विचारलं.

"आत्या येऊन राहतेय. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एका डोळ्याचं काहीतरी होईल म्हणाले, दुसऱ्याचं नाही."

"बोलतेस त्यांच्याशी?"

"बोलते. पट्टी बदलायचीय, गोळी घ्या, जेवण झाकून ठेवलंय, एवढं." तिने पेटी काखोटीला मारली आणि क्षणभर तशीच उभी राहिली. "काल रात्री म्हणाले, जाऊ नकोस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. मी म्हटलं, जाणार."

"मग?"

"मग काही नाही. बसून राहिले. मीही बसून राहिले." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "तिथे पोचल्यावर रोज फोन करीन त्यांना. रागातच करीन, मॅडम. पण करीन."

बाहेर वारा पडला होता. फौजदारबाई खिडकीशी उभ्या राहून पाहत राहिल्या. ताई भराभर पावलं टाकत रस्ता ओलांडून गेली. तिची बस सुटायला अजून बराच अवकाश होता, पण बसून वाट पाहणं तिला जमणार नव्हतं.